न्यूयॉर्कमधील हॉट योगाचा पहिला वर्ग : नवोदितांसाठी मार्गदर्शन

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी न्यूयॉर्क आणि जर्सी सिटी परिसरात नव्याने आलेल्या मराठी मंडळींना पहिल्याच हिवाळ्यात हॉट योगाचे आकर्षण वाटू लागते. बाहेर हाडे गोठवणारी थंडी असते, घरात बसून अंग आखडलेले असते, आणि कार्यालयातला एखादा सहकारी सांगतो की आपल्या इमारतीपासून दोन चौक अंतरावर चाळीस अंशांच्या खोलीत योगासने शिकवतात. योग आपल्याला परका नाही आणि उन्हाळाही परका नाही, त्यामुळे आपली माणसे फारशी चौकशी न करता जाऊन पोहोचतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांना पहिल्या अर्ध्या तासातच भोवळ येऊन खाली बसावे लागते. हे टाळता येण्यासारखे आहे. पहिल्या वर्गात कोणते आसन किती जमले याला मी काडीचे महत्त्व देत नाही. उष्णतेची ओळख करून घेणे, तिच्यात शांतपणे थांबणे आणि थांबणे योग्य नसेल तेव्हा निःसंकोचपणे बाहेर येणे, एवढे साधले तरी तो वर्ग कारणी लागला असे समजावे.

खोलीत नेमके काय असते

या पद्धतीचा प्रसार बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसमधून केला. परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू विष्णुचरण घोष यांच्याकडे ते कोलकात्यात शिकले होते. २६ आसने, सुरुवातीला एक आणि शेवटी एक असे दोन श्वसनप्रकार, ९० मिनिटांचा वर्ग, सुमारे ४०.५ अंश सेल्सियस तापमान आणि सुमारे ४० टक्के आर्द्रता, हा त्यांचा ठरलेला साचा. पुढे त्यांच्यावर लैंगिक छळाचे गंभीर आरोप झाले, २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्यांच्या माजी कायदेशीर सल्लागार महिलेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यांचे नाव पाटीवर ठेवणे अनेक स्टुडिओंना नकोसे झाले. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने आसनांच्या या क्रमावर कॉपीराइट सांगता येणार नाही असा निर्णय दिला होता, त्यामुळे तोच क्रम दुसऱ्या नावाने शिकवण्यात कसलीही अडचण उरली नाही. वेळापत्रकात ‘हॉट २६’ किंवा ‘२६ अँड २’ असे लिहिलेले दिसले तर ते हेच, असे समजावे.

याखेरीज ‘हॉट विन्यास’ नावाचे वर्ग असतात. त्यांत आसनांचा क्रम शिक्षकागणिक बदलतो, हालचाल अखंड चालते, सूर्यनमस्कारासारखी आवर्तने असतात आणि तापमान बहुधा ३२ ते ३७ अंशांच्या दरम्यान ठेवलेले असते. ‘हॉट पिलाटीज’ आणि वजने घेऊन करायचे ‘हॉट स्कल्प्ट’ हे व्यायामाचे वर्ग आहेत, ते पहिल्या भेटीसाठी निवडू नयेत. अमेरिकेत सगळीकडे फॅरनहाइटमध्ये आकडे दिलेले असतात, म्हणून एवढे लक्षात ठेवावे की ९५ म्हणजे ३५ अंश, १०० म्हणजे जवळजवळ ३८ आणि १०५ म्हणजे साडेचाळीस.

माझ्या मते नवोदिताने ६० मिनिटांचा ‘हॉट २६’ निवडावा. क्रम ठरलेला असल्याने पुढे काय येणार ते आधी पाहून ठेवता येते, हालचाली संथ असतात, आणि शीर्षासन, सर्वांगासन किंवा हातांवर भार घेण्याची आसने या क्रमात नाहीत. ९० मिनिटांचा मूळ वर्ग चार-पाच वेळा सराव झाल्यानंतर घ्यावा.

नागपूरचा उन्हाळा येथे का उपयोगी पडत नाही

विदर्भात वाढलेल्या माणसाला चाळीस अंशांचे काय कौतुक, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु या समजुतीपायीच त्रास होतो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा त्याहून गरम झाली की शरीरातील उष्णता हवेत जाण्याचा मार्ग बंद होतो, उलट हवेतील उष्णता शरीरात येऊ लागते, आणि गार राहण्यासाठी घाम वाळणे हा एकच उपाय शिल्लक राहतो. नागपूर-चंद्रपूरकडची मे महिन्यातील दुपार कोरडी असते, तेथे घाम दिसण्यापूर्वीच वाळतो. मुंबईत हवा दमट असते, पण पारा सहसा ३३-३४ अंशांवर थांबतो. हॉट योगाच्या खोलीत तापमान नागपूरच्या जवळ जाणारे आणि ओलावा त्याहून बराच अधिक असतो, त्यात तीस-चाळीस माणसांचा श्वास आणि घाम मिसळतो, आणि अशा हवेत आपण सावलीत बसून न राहता एका पायावर तोल सांभाळत असतो. शिवाय उष्णता सोसण्याची शरीराची तयारी रोजच्या सवयीने आठवड्या-दोन आठवड्यांत होते आणि सवय सुटली की काही आठवड्यांतच ओसरते. डिसेंबर-जानेवारी वातानुकूलित कार्यालयात आणि बर्फात घालवलेल्या शरीराजवळ गावाकडच्या उन्हाची ती शिदोरी उरलेली नसते.

अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९० मिनिटांच्या वर्गात शरीराच्या आतील तापमान मोजले होते. सहभागी लोक सरावातले होते, तरीही त्यांच्यापैकी काहींचे तापमान ३९ अंशांच्या वर आणि एखाद्याचे ४० च्या पुढे गेले. ४० हा आकडा डॉक्टरांच्या दृष्टीने धोक्याचा आहे. खोलीत गेल्यावर येणारी अस्वस्थता ही मनाची कमजोरी नसून शरीराने दिलेली सूचना असते, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

कोणी जाऊ नये, कोणी आधी विचारावे

गर्भवती स्त्रियांनी या वर्गांना जाऊ नये. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार, मल्टिपल स्क्लेरॉसिस किंवा पूर्वी उष्माघात होऊन गेला असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे, बीटा-ब्लॉकर, लिथियम आणि सर्दी-ॲलर्जीवरच्या काही गोळ्या शरीराच्या उष्णतानियमनात ढवळाढवळ करतात, म्हणून नियमित औषधे घेणाऱ्यांनी आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन घेत असल्यास विशेष काळजी घ्यावी, कारण उष्णतेत इन्सुलिन लवकर शोषले जाते आणि साखर एकदम उतरू शकते. ताप, जुलाब किंवा उलट्या होऊन गेल्यावर किमान दोन-तीन दिवस थांबावे, आणि आदल्या रात्री मद्य घेतले असेल तर दुसऱ्या दिवशीचा वर्ग रद्द करावा.

उपवासाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा सांगतो. एकादशी, संकष्टी किंवा नवरात्राच्या उपवासात, विशेषतः पाणीही वर्ज्य केलेले असेल तर, या वर्गाला अजिबात जाऊ नये. उपवासाच्या दिवशी सात्त्विक म्हणून योगाला जावे असे वाटणे समजण्यासारखे आहे, परंतु रिकाम्या पोटी आणि अपुऱ्या पाण्याने या खोलीत उभे राहणे शरीराला महागात पडते. मुळात तापवलेल्या खोलीचा परंपरेशी संबंध जोडण्याचेही कारण नाही. हठप्रदीपिकेत सुरुवातीच्या साधकाने अग्नीचे सान्निध्य टाळावे असेच सांगितले आहे.

स्टुडिओ निवडणे आणि जागा राखून ठेवणे

मॅनहॅटन, ब्रुकलिन आणि नदीपलीकडे जर्सी सिटी-होबोकेन येथे असे अनेक स्टुडिओ आहेत. पहिला निकष अंतराचा ठेवावा. वर्गानंतर अंग ओले, मन सैल आणि पाय जड झालेले असतात, तेव्हा दोन गाड्या बदलून एडिसनला पोहोचायचे असेल तर तो सगळा आनंद प्लॅटफॉर्मवरच संपतो. जर्सी सिटीत राहणाऱ्यांना मॅनहॅटनमध्ये जायचेच असेल तर सहाव्या ॲव्हेन्यूवरील पाथ गाडीच्या (न्यू जर्सी आणि मॅनहॅटन जोडणाऱ्या रेल्वेच्या) १४, २३ किंवा ३३ क्रमांकाच्या रस्त्यांवरील स्थानकांजवळचा स्टुडिओ पाहावा, म्हणजे एका गाडीत घर गाठता येते.

फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन काही गोष्टी विचारून घ्याव्यात : खोलीचे तापमान किती असते, ताजी हवा आत येण्याची सोय आहे का, नवोदितांसाठी वेगळा वर्ग आहे का, स्नानगृहे किती आहेत, चटई आणि टॉवेल भाड्याने मिळतात का. उत्तर देणारा माणूस ताज्या हवेच्या प्रश्नावर गोंधळला तर मी दुसरा स्टुडिओ शोधेन, कारण गरम हवा तीच ती फिरवत ठेवली की खोली कोंदट होते आणि डोके दुखू लागते. जमिनीवर गालिचा असेल तर वास घेऊन पाहावा. वर्षानुवर्षे घाम मुरलेला गालिचा दारातच कळतो.

एका वर्गाचे शुल्क मॅनहॅटनमध्ये साधारण ३० ते ४० डॉलर पडते, परंतु बहुतेक ठिकाणी नव्या विद्यार्थ्याला आठवड्याभराचे किंवा महिन्याभराचे सवलतीचे प्रवेशशुल्क असते आणि तेच घेणे परवडते. जागा ॲपवरून राखून ठेवावी लागते. जागा रद्द करण्याची मुदत, जी बऱ्याचदा वर्गापूर्वी १२ तासांची असते, ती उलटून गेल्यावर न गेल्यास दंड लागतो. न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ सगळीकडे टिप देण्याची सवय लागते, तरी योगशिक्षकाला टिप देण्याची पद्धत नाही, त्यामुळे तेवढा संकोच मनातून काढून टाकावा.

आदल्या दिवसापासूनची तयारी

पाणी पिण्याची सुरुवात आदल्या संध्याकाळी करावी. वर्गाच्या दारात उभे राहून घटाघटा लिटरभर पाणी प्यायल्याने फक्त पोट डचमळते. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे, वर्गापूर्वी दोन तास अर्धा लिटरभर पाणी घ्यावे आणि नंतर घोट-दोन घोटांवर राहावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर तयारी पुरेशी झाली असे समजावे.

जेवण आणि वर्ग यांत अडीच-तीन तासांचे अंतर असावे. दुपारी वरण-भात आणि भाजी एवढे हलके जेवण झाले असेल तर संध्याकाळचा वर्ग सुखाचा जातो. तळलेले पदार्थ, मिसळ किंवा रविवारचे मटण यांनंतर पुढे वाकणाऱ्या आसनांत काय होते ते सांगण्याची गरज नाही. सकाळी सहाच्या वर्गाला जाणाऱ्यांनी उठल्यावर एक केळे किंवा दोन-तीन खजूर खावेत आणि चहाचा कप वर्गानंतरसाठी ठेवावा.

पोशाखाबाबत आपल्याकडच्या लोकांना सर्वांत अधिक अवघडल्यासारखे होते. तेथे पुरुष बहुधा उघड्या अंगाने आणि आखूड चड्डीवर असतात, स्त्रिया स्पोर्ट्स ब्रा आणि आखूड चड्डी किंवा लेगिंग्जमध्ये असतात. तसेच कपडे घालावेत असे कोणतेही बंधन नाही आणि कोणी कोणाकडे पाहतही नाही. मात्र सुती टी-शर्ट आणि सुती पायजमा टाळावा, कारण पंधरा मिनिटांत तो घामाने जड होऊन अंगाला चिकटतो आणि घाम वाळू देत नाही. अंगाबरोबर बसणारा, पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाचा बिनबाह्यांचा सदरा आणि गुडघ्यापर्यंतची लेगिंग्ज यांत सोयही होते आणि संकोचही राहत नाही.

डोक्याला किंवा अंगाला तेल लावून जाऊ नये. घामाबरोबर ते ओघळून डोळ्यांत जाते, चटई निसरडी होते आणि घोटा धरायच्या आसनांत हात सटकतो. अत्तर आणि बॉडी स्प्रेही नको, बंद गरम खोलीत शेजाऱ्याला त्याचा त्रास होतो. मंगळसूत्र, बांगड्या, साखळी आणि घड्याळ शक्यतो घरीच ठेवावे, कारण कुलपाच्या कपाटात मौल्यवान वस्तू ठेवण्याची जबाबदारी स्टुडिओ घेत नाहीत. केस घट्ट बांधावेत.

पिशवीत चटई, चटई पूर्ण झाकणारा अंघोळीचा मोठा टॉवेल, तोंड पुसायला एखादा पंचा, लिटरभराची झाकणाची बाटली, कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड, मोजेसुद्धा, रबरी चप्पल आणि ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी असावी. चटईवर टॉवेल अंथरणे ही सुरक्षिततेची बाब आहे. ओल्या चटईवर पाय घसरून पडलेले लोक मी पाहिले आहेत. टॉवेल भाड्याने मिळतो तेथे दर काही डॉलर असतो.

पोहोचल्यावर

पहिल्या दिवशी किमान वीस मिनिटे आधी पोहोचावे. वर्ग सुरू होताच दार बंद करतात आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. स्वागतकक्षात एक जबाबदारीचे संमतिपत्र भरून द्यावे लागते. ते वाचून सही करावी, आणि त्यात विचारलेली आजारांची माहिती लपवू नये. हा आपला पहिलाच वर्ग आहे हे शिक्षकाला तोंडी सांगावे, कारण त्यानंतर त्याचे लक्ष आपल्यावर राहते. बूट बाहेर काढायचे असतात, फोन आत न्यायचा नसतो आणि खोलीत बोलायचे नसते.

जागा निवडताना थोडा विचार करावा. समोरच्या भिंतीवर आरसा असतो आणि पहिली रांग सरावातल्या लोकांची मानली जाते. तेथे नवोदिताने बसू नये, कारण पाहून करायला समोर कोणीच उरत नाही. मागची रांग, दाराजवळची बाजू आणि गरम हवेच्या झोताखाली किंवा खोली तापवणाऱ्या इन्फ्रारेड पट्ट्यांखाली नसलेली जागा ही सर्वांत उत्तम. झोत कोठून येतो ते छताकडे पाहून ओळखता येते. पुढच्या दोन माणसांच्या मधोमध आपली चटई टाकावी, म्हणजे आरसाही दिसतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे टॉवेलवर पाठीवर पडून नाकाने श्वास घेत राहावे. गरम हवा वर साठते आणि जमिनीलगत थोडा गारवा असतो, हे तेव्हाच लक्षात येते आणि पुढे उपयोगी पडते.

वर्ग चालू असताना

पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकलेल्यांना पट्टे, विटा, खुर्ची आणि करून दाखवणारा शिक्षक यांची सवय असते. येथे यांतले काहीही नसते. शिक्षक समोर उभा राहून ठरावीक शब्दांत, वेगाने आणि जवळजवळ न थांबता सूचना देतो, स्वतः आसन करीत नाही. इंग्रजी उत्तम असले तरी पहिल्या दिवशी निम्म्या सूचना निसटतात. त्यासाठी आधी क्रम पाहून ठेवलेला बरा : उभ्याने दीर्घ श्वसन, अर्धचंद्रासन आणि पादहस्तासन, उत्कटासन, गरुडासन, मग एका पायावरची आसने, त्रिकोणासन, आणि निम्मा वर्ग झाल्यावर शवासन. नंतर जमिनीवर पवनमुक्तासन, भुजंगासन, शलभासन, धनुरासन, अर्धकूर्मासन, उष्ट्रासन, शशांकासन, अर्धमत्स्येंद्रासन आणि शेवटी कपालभातीसारखे श्वसन. मूळ क्रमात बहुतेक आसने दोनदा करतात. पहिल्या वेळी पाहावे आणि दुसऱ्या वेळी करावे, ही नवोदितासाठी चांगली रीत आहे.

पहिले पाणी साधारणपणे गरुडासनानंतर पितात. तोपर्यंत दहा-पंधरा मिनिटे झालेली असतात, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन टपटपत असतो, आणि शिक्षकाने सांगताच सगळ्या खोलीत बाटल्यांची झाकणे एकाच वेळी उघडल्याचा आवाज होतो. त्या क्षणी अर्धी बाटली संपवण्याचा मोह आवरावा आणि दोन-तीन घोट घ्यावेत. पाणी बर्फाचे नसावे. पुढे दोन आसनांच्या मध्ये तहान लागेल तेव्हा घोटभर पाणी घ्यायला हरकत नसते, फक्त दुसरे लोक आसन धरून तोल सांभाळत असताना हालचाल करू नये, एवढा शिष्टाचार पाळावा.

घाम सारखा पुसू नये. अंगावर असलेला घाम वाळताना गारवा देतो. तो पुसून टाकला की शरीराला पुन्हा नव्याने घाम काढावा लागतो आणि पाणी व्यर्थ जाते. डोळ्यांत जाणारा घाम तेवढा पंच्याने टिपावा.

श्वास नाकाने चालला पाहिजे. तोंडाने धापा टाकण्याची वेळ आली म्हणजे आपण आपल्या मर्यादेपलीकडे गेलो आहोत. तेव्हा आसन सोडून गुडघ्यांवर बसावे किंवा पाठीवर पडावे, आणि श्वास नाकावर आल्यानंतरच पुन्हा उठावे. असे कितीही वेळा करावे. पहिल्या वर्गात निम्मी आसने बसून काढली तरी कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

उष्णतेमुळे स्नायू सैल पडतात आणि हात अचानक जमिनीला टेकतात, याचा आनंद वाटला तरी सावध राहावे. ही लवचीकता काही अंशी उसनी असते. वेदनेची जाणीव बोथट झालेली असते, आणि मांडीच्या मागचा स्नायू किंवा गुडघ्याचा सांधा ताणल्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. घरी जेवढे वाकता येते त्याच्या थोडे पुढे जाऊन थांबावे. एका पायावरच्या आसनांत गुडघा ताठ ठेवण्याची सूचना वारंवार ऐकू येते. तेव्हा गुडघा मागे न ढकलता मांडीचा पुढचा स्नायू आवळावा. शिक्षक हाताने आणखी वाकवू लागला तर नको असे स्पष्ट म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.

उष्ट्रासनाबद्दल वेगळे सांगायला हवे. ते वर्गाच्या शेवटाकडे येते, शरीर थकलेले असते, आणि गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकल्यावर अनेकांना मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर काहींना कारण नसताना रडूही येते. पहिल्या वर्गात हात कमरेवर ठेवून फक्त छाती वर उचलावी, मान मागे टाकू नये, आणि वर येताना डोके सर्वांत शेवटी आणावे. पुढे वाकून परत उभे राहतानाही असाच सावकाशपणा हवा, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात आणि मेंदूकडे रक्त पोहोचायला क्षणभर उशीर होतो.

बाहेर कधी पडायचे

शिक्षक शक्यतो खोलीतच थांबण्याचा आग्रह धरतात. साध्या थकव्यासाठी तो योग्य आहे, कारण जमिनीवर पडून राहिल्याने दोन-तीन मिनिटांत बरे वाटते आणि बाहेर एकट्याने जाऊन भोवळ येण्यापेक्षा ते सुरक्षित असते. परंतु डोके ठणकू लागले, उलटी होईल असे वाटले, घाम येणे थांबले, एवढ्या गरमीत अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली, पडून राहूनही छातीतील धडधड कमी होईना, किंवा आपण कोठे आहोत याचा गोंधळ होऊ लागला, तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता हात वर करून शिक्षकाला खूण करावी आणि बाहेर यावे. बाहेर आल्यावर गार जागी पाय उंच करून पडावे, मानेला, काखेत आणि जांघेत ओले गार कापड किंवा बर्फाची पिशवी लावावी. शेजारचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजून ताबडतोब ९११ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला गार करण्याचे थांबवू नये.

वर्गानंतर

शेवटच्या शवासनातून लगबगीने उठू नये, निदान पाच मिनिटे पडून राहावे. स्नानगृहे थोडी आणि माणसे पुष्कळ असतात, म्हणून दोन-तीन मिनिटांत आटपावे. पाणी कोमट घ्यावे आणि पायांत चप्पल असावी, कारण ओल्या सामाईक फरशीवरून नायट्यासारखे त्वचारोग सहज पसरतात. हिवाळ्यात घाम पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, स्वागतकक्षात बसावे. केस कोरडे करून, मोज्यांसह सगळे कपडे बदलून, टोपी घालूनच बाहेर पडावे. जुलै-ऑगस्टमध्ये उलटी अडचण असते. भुयारी स्थानकाचे प्लॅटफॉर्म त्या महिन्यांत दमट आणि तापलेले असतात, आणि गाडी येईपर्यंत पुन्हा घाम सुरू होतो, म्हणून बाटली भरूनच खाली उतरावे.

किती पाणी गेले हे कळण्यासाठी वर्गापूर्वी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करावे. जितके वजन उतरले असेल त्याच्या सव्वा ते दीड पट पेय पुढच्या काही तासांत थोडे थोडे घ्यावे. एक किलो उतरले तर सव्वा-दीड लिटर. यात मीठ हवेच. नुसते साधे पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरते, आणि डोके दुखणे, मळमळ, गोंधळणे अशी लक्षणे दिसतात, ज्यांना लोक पाणी कमी पडल्याचे समजून आणखी पाणी पितात. या बाबतीत आपले स्वयंपाकघर कोणत्याही महागड्या बाटलीपेक्षा वरचढ आहे. मीठ-जिरे घातलेले पातळ ताक, मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा कोकम सरबत उत्तम काम करते, आणि कोकम आगळ न्यू जर्सीतील भारतीय दुकानांत मिळते. पेटके येत असतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी करावी. दोन्ही मापे चहाच्या चमच्याची घ्यावीत. त्यानंतर तासाभराने मुगाची खिचडी किंवा दहीभात घ्यावा. त्या संध्याकाळी मद्य नको.

उतरलेले वजन पाण्याचे असते आणि रात्रीपर्यंत भरून येते, त्यामुळे त्यावरून आनंद मानू नये. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील मोजणीत ९० मिनिटांच्या वर्गात पुरुषांचे सरासरी सुमारे ४६० आणि स्त्रियांचे सुमारे ३३० कॅलरी खर्च झाल्याचे आढळले, म्हणजे तेवढा वेळ भरभर चालण्याइतकेच. घामावाटे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असते. टेक्सास स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये हाच २६ आसनांचा क्रम १२ आठवडे एका गटाला ४०.५ अंशांत आणि दुसऱ्याला २३ अंशांत करायला लावला, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या कार्यातील सुधारणा दोन्ही गटांत दिसली. ज्यांना उष्णता सोसत नाही त्यांनी हे वाचून निश्चिंत व्हावे आणि साध्या खोलीत तीच आसने करावीत. मी स्वतः थंडीच्या दिवसांत गरम खोलीत जातो, कारण आखडलेले अंग तेथे मोकळे होते आणि तासभर फोनशिवाय, न बोलता राहता येते. एवढे कारण मला पुरेसे वाटते.

दुसरा वर्ग आणि पुढे

पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि पहिला महिनाभर आठवड्यातून दोन-तीन वर्गांच्या पुढे जाऊ नये. सवलतीचा आठवडा वसूल करण्यासाठी रोज जाणारे लोक चौथ्या दिवशी डोकेदुखी घेऊन घरी बसतात. तिसऱ्या-चौथ्या वर्गापासून घाम लवकर सुटू लागतो आणि छातीची धडधड कमी होते. शरीर उष्णतेला सरावल्याची ही खूण आहे. मध्ये भारतात जाऊन महिनाभराने परतलात, तर पुन्हा मागच्या रांगेपासून सुरुवात करावी.

टॉवेल आणि कपडे त्याच दिवशी धुवावेत. चटई पाणी आणि थोडे व्हिनेगर यांच्या मिश्रणाने पुसून पूर्ण वाळल्यावरच गुंडाळावी. सवलतीचा काळ संपण्यापूर्वी ॲपमधील अटी पुन्हा वाचाव्यात, कारण अनेक योजना मुदत संपताच आपोआप मासिक सदस्यत्वात बदलतात आणि कार्डावरून पैसे वळते होतात. पुढे जायचे नसेल तर रद्द करण्याची सूचना लेखी, ईमेलने द्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. जायचे असेल तर आधी दहा वर्गांचे कार्ड घ्यावे, आणि ते किती आठवड्यांत संपते ते पाहून मगच मासिक सदस्यत्वाचा विचार करावा.